मिठाच्या पाण्याचा डिमर : कोकणच्या रंगमंचावरील प्रकाशाचा इतिहास

१/ नाटक पाहताना आपण नट पाहतो, नेपथ्य पाहतो. परंतु रंगमंचावर हळूहळू उतरणारी संध्याकाळ कोणाच्या हाताने उतरते, याचा विचार सहसा करीत नाही. आजचा धागा त्या हाताविषयी, आणि मीठ, पाणी व धातूच्या दोन पट्ट्या यांतून त्याने घडवलेल्या स्वस्त प्रकाशनियंत्रकाविषयी. स्थळ : रत्नागिरी आणि एकंदर मराठी हौशी रंगभूमी.

२/ आरंभ विजेच्या आधीपासून करू. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीता स्वयंवर’ रंगवले, तेव्हा रंगमंच तेलाच्या दिव्यांवरच उजळत असे. पुढे नाटक कंपन्यांच्या सामानात किटसनच्या बत्त्या आल्या, आणि गावोगावच्या खेळांत पेट्रोमॅक्स आला. रत्नागिरीचे नमन-खेळे आणि दक्षिणेकडचा दशावतार कित्येक पिढ्या याच बत्तीखाली रंगले. (आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता.)

३/ या बत्तीचा प्रकाश भरपूर, पण ती कोणाचे ऐकत नसे. ती आधी तापवावी लागते, मग पंप मारून दाब द्यावा लागतो, तेव्हा कुठे मँटल उजळते. क्षणात विझवून क्षणात पेटवणे अशक्य. म्हणून प्रवेश बदलायचा तर पडदा पाडावा लागे, किंवा पात्राने सरळ निघून जावे लागे. काळोख हे नाट्यसाधन तेव्हा दिग्दर्शकाच्या हातात नव्हतेच.

४/ तिकडे लंडनच्या सॅव्हॉय थिएटरने १८८१ मध्ये जोसेफ स्वान यांचे सुमारे १२०० विजेचे दिवे लावले. विजेचे खरे वरदान केवळ उजेड नव्हे. मार्गात रोध घालून तो उजेड कमी-जास्त करता येणे, हे होते. नाटककाराला त्यामुळे नवे विरामचिन्ह मिळाले : पडदा न पाडता प्रसंग संपवता येऊ लागला.

५/ आता रत्नागिरीकडे येऊ. कोयनेचे पाणी सह्याद्रीतून पश्चिमेस वळवून चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे भूमिगत वीजगृह उभे राहिले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. वीज कोकणच्या कड्याखाली तयार होई, पण तिचा मोठा भाग मुंबईच्या दिशेने जाई. जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर ती हळूहळूच पोहोचली.

६/ याच काळात हौशी रंगभूमीला दुसरा जोर मिळाला. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. शिक्षक, कारकून, दुकानदार, गिरणीतून गावी परतलेले चाकरमानी असे सारे नाटक बसवू लागले. स्पर्धेत अभिनयाबरोबर प्रकाशयोजनेलाही पारितोषिक असते. म्हणजे दिव्यांचा विचार करणे भाग होते. पैसा मात्र नव्हता.

७/ तयार डिमर बोर्ड महाग. त्यातच १९५६-५७ च्या परकीय चलन संकटानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. मोठ्या शहरांतील नाट्यगृहांना जे परवडे, ते तालुक्याच्या मंडळाला स्वप्नवत होते. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बल्ब बसवून स्पॉट झाला, पुढे रंगीत जिलेटिन कागद लागला. आणि डिमरसाठी पुढे आले मीठ.

८/ रचना साधी. चिनी मातीच्या बरणीसारख्या वीजरोधक भांड्यात मीठ घातलेले पाणी. तळाशी धातूची एक पट्टी, वर दोरीने वा दांड्याने खालीवर होणारी दुसरी. हे भांडे दिव्याशी एकसरीत जोडायचे. पट्ट्या दूर, तर रोध जास्त आणि दिवा मंद. जवळ आणल्या, तर दिवा प्रखर. वरची पट्टी पाण्याबाहेर काढली की काळोख.

९/ ही युक्ती केवळ गरिबांची नव्हती, हे आवर्जून नोंदवायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील कित्येक नाट्यगृहांतही असे द्रव-डिमर वापरात होते. फरक इतकाच की तेथे ते बसवून मिळत. आपल्याकडे प्रयोगाच्या आदल्या रात्री ते कोणीतरी हाताने जुळवत असे.

१०/ यातले पदार्थविज्ञान पाहण्यासारखे आहे. तारेच्या दिव्याला निम्मी व्होल्टता दिली तर उजेड निम्मा होत नाही. तो साधारण एक दशांशावर येतो. म्हणून पट्टी बोटभर हलली तरी प्रेक्षागृहाला फरक जाणवे. मंद संध्याकाळ उतरवणे हे अंगठा आणि मनगट यांचे कसब होते, आणि ते तालमीतच साधत असे.

११/ दुसरी अडचण उष्णतेची. २३० व्होल्टवरील ५०० वॅटचा दिवा निम्म्या व्होल्टतेवर ठेवला, तर सुमारे १७० वॅट पाण्यातच खर्च होतात. पाच लिटर पाणी दहा मिनिटांत जवळपास पाच अंशांनी तापते. तापलेले खारे पाणी वीज अधिक सहज वाहू देते. परिणामी कोणी हात न लावताही दिवा आपोआप थोडा प्रखर होऊ लागतो! लांब प्रवेशात पट्टी पुनःपुन्हा किंचित वर ओढावी लागे.

१२/ आणि तिसरी अडचण सर्वांत गंभीर. विंगेत, काळोखात, उघड्या धातूतून घरगुती विजेचा पूर्ण दाब. शेजारी सांडलेले खारे पाणी. एक चुकीचा स्पर्श प्राणावर बेतू शकतो. हौशी रंगभूमीच्या कौतुकात ही जोखीम आपण विसरतो. स्वस्त साधनाची उरलेली किंमत ते चालवणारा माणूस आपल्या देहाने भरत असतो.

१३/ तुटपुंज्या साधनांतून काय साधते, याचे भारतातील ठळक उदाहरण कोलकात्याचे. १९५९ मध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात तापस सेन यांनी पाणी शिरलेल्या कोळशाच्या खाणीत बुडणारे कामगार प्रकाशाच्या बळावर दाखवले. तापस सेन यांचे नाव इतिहासात राहिले. गावोगावच्या बरण्यांपाशी बसलेल्यांचे बहुधा राहिले नाही.

१४/ मिठाचा डिमर गेला तो अर्धवाहकांमुळे. १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने सिलिकॉन कंट्रोल्ड रेक्टिफायर, म्हणजेच थायरिस्टर, विकसित केला. पाठोपाठ ट्रायक आला. ५० हर्ट्झच्या विजेची प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. ट्रायक त्या लाटेचा आरंभीचा भाग अडवून उरलेला सोडतो. वीज पाण्यात जिरवण्याची गरजच उरली नाही.

१५/ हा बदल आपल्या घरातच पाहता येतो. पंख्याचा जुना चौकोनी, गरम होणारा रेग्युलेटर रोधावर चाले. आजचा लहान गोल रेग्युलेटर बहुधा ट्रायकवर किंवा कपॅसिटरवर चालतो. ट्रायक स्वस्त होताच इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांनी घरीच लाकडी पेटीत चार-सहा नॉबचे डिमर जुळवले. बरणीची जागा सोल्डरिंगच्या बंबाने घेतली; वृत्ती तीच राहिली.

१६/ १९८६ मध्ये अमेरिकेत डीएमएक्स-५१२ हे मानक ठरले : एका तारेवरून ५१२ वाहिन्यांना प्रत्येकी ० ते २५५ अशी पातळी कळवता येते. २००५ मध्ये इटलीत आर्दुइनो जन्मला. आज काही शे रुपयांच्या पाटीवर, एका लहान चिपच्या साह्याने, महाविद्यालयीन विद्यार्थी एलईडी दिव्यांचा नियंत्रक बनवू शकतो. एकांकिकेच्या मुलांसाठी ही गोष्ट लहान नाही.

१७/ एक स्पष्ट सूचना : मिठाच्या पाण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नका. शिकायचे असेल तर १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर शिका. घरगुती विजेला जाणकाराच्या देखरेखीशिवाय हात लावू नका. पूर्वजांचे धाडस समजून घ्यावे. त्यांचा धोका वारशाने घेण्याचे कारण नाही.

१८/ या कथेतून इतिहासाविषयी एक गोष्ट उमगते. तंत्रज्ञान ‘मागास भागात उशिरा पोहोचले’ असे आपण सहज लिहितो. परंतु ते पोहोचेपर्यंत तेथील माणसे वाट पाहत बसलेली नसतात. डिमर उशिरा आला. मंद होत जाणारा प्रकाश मात्र त्याच्या आधीच आला होता, कारण कोणाला तरी तो नाटकासाठी हवा होता.

१९/ अशा साधनांचे संग्रहालय होत नाही. बरणी पुन्हा लोणच्याला जाते, डबा भंगारात जातो, आणि माणूस स्मृतीबाहेर जातो. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात वा आपल्या गावच्या मंडपात पुढचे नाटक पाहाल, तेव्हा प्रयोगानंतर विंगेत जा. सर्वांत वयस्क रंगकर्मीला विचारा : तुमच्या वेळी दिवे कोण सांभाळत असे? नाव, गाव, नाटक आणि वर्ष लिहून ठेवा. आपल्या नाट्येतिहासातले एक रिकामे पान त्या चार शब्दांनी भरू लागेल.

(समाप्त)