तारेचा स्वर आणि कीबोर्डची लिपी : मिडी बेस गिटारसाठी साउंड मॉड्यूलच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा इतिहास प्रामुख्याने कलावंत, गीते आणि ध्वनिमुद्रिका यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. वाद्ये आणि त्यांना जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांच्यात घडून आलेल्या तडजोडींकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत निबंधात अशाच एका तडजोडीचा मागोवा घेतला आहे. मिडी बेस गिटार वाजवणाऱ्या वादकाने आपल्या वाद्याला कोणते सिंथेसायझर साउंड मॉड्यूल जोडावे, हा वरवर पाहता खरेदीचा प्रश्न वाटतो. साउंड मॉड्यूल म्हणजे स्वतःचा कीबोर्ड नसलेला सिंथेसायझर. दुसऱ्या वाद्याकडून येणाऱ्या संदेशांनुसार ध्वनी निर्माण करणे एवढेच त्याचे काम. परंतु बेस वादकाच्या दृष्टीने ही निवड केवळ आवडीनिवडीची कधीच नव्हती. जाड तारेच्या संथ कंपनाला आणि तारवाद्याच्या हाताला सामावून घेण्याची क्षमता मॉड्यूलमध्ये कितपत आहे, यावर ती ठरत गेली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बेस वादकापुढील पेच

फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस हे वाद्य बाजारात आणले आणि वाद्यवृंदातील मंद्र स्वरांची जबाबदारी हळूहळू उभ्या डबल बेसकडून विद्युत बेस गिटारकडे आली. पुढील दोन दशके हे स्थान निर्विवाद राहिले. १९७० मध्ये आलेल्या मिनीमूग सिंथेसायझरने त्याला पहिले आव्हान दिले. पार्लमेंट या समूहाच्या १९७७ मधील ‘फ्लॅश लाइट’ या गीतात बर्नी वॉरेल यांनी मिनीमूगवर वाजवलेली मंद्र ओळ हे या बदलाचे ठळक उदाहरण होय. बेसची ओळ आता कीबोर्ड वादकही वाजवू शकत होता. रोलँड कंपनीचे १९८१ मधील टीबी-३०३ हे यंत्र तर बेस वादकाच्या अनुपस्थितीत साथ मिळावी याच हेतूने तयार झाले होते.

या पार्श्वभूमीवर मिडी बेसचा विचार करावा लागतो. सिंथेसायझरचा नाद हवा, पण तो कीबोर्ड वादकाच्या हाती न सोपवता स्वतःच्या बोटांनी काढता यावा, ही बेस वादकाची गरज होती. व्यवसायातील त्याचे स्थान आणि अनेक वर्षांच्या रियाजाने कमावलेला हात, या दोन्ही गोष्टी तीत गुंतलेल्या होत्या.

मिडी : कीबोर्डच्या दृष्टीतून साकारलेले प्रमाण

१९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर परस्परांशी जोडण्याची योजना मांडली. रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने जपानी कंपन्याही या प्रयत्नात सहभागी झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन भिन्न कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवण्यात आले आणि त्याच वर्षी मिडी १.० हे प्रमाण प्रसिद्ध झाले.

या प्रमाणात स्वराची कल्पना कीबोर्डवरून घेतलेली आहे. पट्टी दाबली की स्वर सुरू, पट्टी सोडली की स्वर बंद; कोणती पट्टी आणि किती जोराने, एवढी माहिती पुरेशी. एकूण १२८ स्वर आणि १६ चॅनेल अशी त्याची रचना आहे. पट्टी दाबताच कोणता स्वर हवा हे यंत्राला निश्चितपणे कळते. तारेच्या बाबतीत मात्र तार छेडल्यानंतर, तिची कंपने मोजूनच स्वर ओळखावा लागतो. शिवाय तार ताणता येते, तिच्यावरून बोट सरकवता येते. एका स्वरातून दुसऱ्यात जाणारी मींड हा तिचा स्वभाव आहे. मराठी वाचकास संवादिनीविषयीचा वाद येथे सहज आठवेल. पट्ट्यांच्या वाद्यातून मींड निघत नाही, हा संवादिनीवरील एक प्रमुख आक्षेप होता आणि १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली होती. दोन्ही ठिकाणचे संदर्भ वेगळे असले, तरी पट्टी आणि तार यांच्यातील मूलभूत भेद एकच आहे.

मंद्र तारेचा विलंब

बेस गिटारची सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१.२ वेळा कंप पावते. म्हणजेच तिच्या एका कंपनास सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. स्वराची खात्री करून घेण्यासाठी रूपांतरक यंत्राने दोन कंपने मोजायची ठरवली, तर जवळजवळ ४८ मिलिसेकंद खर्च होतात. साध्या गिटारच्या ई तारेच्या एका कंपनाला याच्या निम्मा, सुमारे १२ मिलिसेकंदांचा वेळ पुरतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते. अशा वेळी ४८ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पाव मात्रेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग होय. ज्या वादकाचे मुख्य काम तालवाद्याबरोबर लय धरून ठेवण्याचे, त्याला हा उशीर परवडणारा नव्हता.

या विलंबाचा दोष मिडीच्या वहनगतीकडे जात नाही. सेकंदाला ३१,२५० बिट या गतीने एका स्वराचा संदेश सुमारे एका मिलिसेकंदात पोहोचतो. अडचण तारेच्या भौतिक गुणधर्मात आहे. प्रत्येक तारेचा विलंब वेगळा असतो, ही आणखी एक गुंतागुंत. सर्वांत बारीक जी तारेचे एक कंपन सुमारे १० मिलिसेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे ‘थोडे आधी वाजवावे’ हा उपायही चारही तारांना सारखा लागू पडत नाही.

मॉड्यूल निवडीचे निकष

या परिस्थितीतून मॉड्यूल निवडीचे तीन निकष पुढे आले. पहिला निकष चॅनेलचा. मिडीत स्वर वाकवण्याचा संदेश संपूर्ण चॅनेलला लागू होतो. चारही तारा एकाच चॅनेलवर असल्यास एक तार ताणताच इतर तारांचे स्वरही सरकतात. म्हणून प्रत्येक तारेस स्वतंत्र चॅनेल देणे आवश्यक ठरले. मिडीतील ‘मोड ४’ ही सोय त्यासाठी उपयोगी होती, परंतु ती सर्वच उपकरणांत नव्हती. १९८४ मधील ओबरहाइम एक्सपँडर या मॉड्यूलमध्ये सहा आवाजांना सहा चॅनेल देता येत. कॅसिओचा सीझेड-१०१ हा छोट्या पट्ट्यांचा स्वस्त कीबोर्डही चार स्वतंत्र चॅनेलवर चार आवाज देऊ शकत असे. चार तारांच्या बेसला हा हिशेब नेमका जुळणारा होता. महागड्या परंतु एकाच चॅनेलवर चालणाऱ्या सिंथेसायझरपेक्षा असे साधे उपकरण बेससाठी अधिक उपयुक्त ठरू शके.

दुसरा निकष मींडेचा. तारेवरून बोट सरकवून सप्तकभर जायचे, तर मॉड्यूलनेही स्वर बारा अर्धस्वरांपर्यंत वाकवू दिला पाहिजे आणि रूपांतरक व मॉड्यूल या दोहोंवर ही मर्यादा सारखीच ठेवली पाहिजे. अन्यथा तार एक स्वर सांगते आणि मॉड्यूल दुसराच ऐकवते. मिडीत या संदेशासाठी १६,३८४ पायऱ्यांची तरतूद आहे. पण उपकरण त्यांपैकी केवळ १२८ पायऱ्याच वापरत असेल, तर वर-खाली एकेक सप्तकाच्या विस्तारात एका अर्धस्वराच्या वाट्याला जेमतेम पाच पायऱ्या येतात. मग मींड सलग न राहता तुटक ऐकू येते.

तिसरा निकष नादाच्या आरंभाचा. संथपणे उमलणाऱ्या नादात विलंब लपून जातो. टोकदार आरंभाच्या नादात तो उघडा पडतो. यामाहाच्या १९८७ मधील टीएक्स८१झेड या मॉड्यूलचे उदाहरण येथे बोलके आहे. आठ आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर विभागण्याची सोय असल्याने पहिल्या निकषावर ते उत्तम उतरते. मात्र त्यातील ‘लेटली बेस’ हा सुप्रसिद्ध नाद आरंभी अत्यंत टोकदार आहे. म्हणजे मॉड्यूलमधील सर्वांत गाजलेला बेसचा नाद प्रत्यक्ष बेस गिटारवरून वाजवणेच सर्वांत कठीण! यावर एक व्यावहारिक तोडगा म्हणजे वरच्या सप्तकात वाजवायचे आणि मॉड्यूलला एक सप्तक खाली उतरवायला सांगायचे. त्यामुळे विलंब निम्मा होतो. परंतु वाद्याचा काही पल्ला हातचा जातो.

१९९१ मधील जनरल मिडी या प्रमाणाने ३३ ते ४० हे आठ क्रमांक बेसला दिले. त्यांत बोटांनी छेडलेला, पिकने वाजवलेला, पडद्यांविना वाजवलेला आणि स्लॅप पद्धतीचा असे नाद आहेत. बेस वादकाच्या हाताच्या क्रियाच येथे नादांची नावे झाल्या. त्या वाजवण्यासाठी बेस वादकाचा हात मात्र आवश्यक उरला नव्हता.

पर्यायी वाटा

रोलँडने १९८५ च्या जीआर-७७बी या संचात बेस आणि सिंथेसायझर एकत्रच देऊन निवडीचा प्रश्न काही अंशी टाळला. ऑस्ट्रेलियातील स्टीव्ह चिक यांनी विकसित केलेली पद्धत अधिक मूलगामी होती. तिच्यात प्रत्येक पडद्याचे तारांनुसार वेगळे तुकडे केलेले असतात आणि तार कोणत्या तुकड्याला टेकली हे विद्युत संपर्कातून कळते. त्यामुळे कंपने मोजण्याची गरजच राहत नाही. इंग्लंडच्या वॉल कंपनीने आणि पुढे अमेरिकेच्या पीव्ही कंपनीने आपल्या बेसमध्ये ती वापरली. अशा बेसला टोकदार नादाचे मॉड्यूलही चालू शकते. मात्र तार ताणल्याची सूक्ष्म छटा पडद्याच्या संपर्कातून कळत नाही. म्हणजे या वाटेने गेलेल्या वादकाला वेळ मिळाला, पण मींड गमवावी लागली.

२००० मधील रोलँड व्ही-बेसने तिसरी वाट स्वीकारली. तारेचे मिडी संदेशात रूपांतर न करता प्रत्येक तारेच्या मूळ लहरीवरच त्याने प्रक्रिया केली. येथे विलंबही कमी आणि मींडही शाबूत. पण बाहेरचे हवे ते मॉड्यूल निवडण्याचे स्वातंत्र्य या प्रक्रियेत उरत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की मिडी बेससाठी मॉड्यूल निवडणे म्हणजे काय सोडायचे हे निवडणे होते. वेळ, मींड आणि नादाचे स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे हाती लागत नव्हत्या. लयीची साथ करणाऱ्यास पडद्यांच्या संपर्कावर चालणारा बेस सोयीचा. संथ व दीर्घ स्वर वाजवणाऱ्यास साधा रूपांतरक आणि चार चॅनेल स्वीकारणारे मॉड्यूल पुरेसे. मॉड्यूलमधील नादांची संख्या हा मात्र दुय्यम निकष ठरतो.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. तारवाद्य वादकांनी गरजेपोटी अवलंबलेली ‘प्रत्येक तारेस स्वतंत्र चॅनेल’ ही युक्ती दीर्घकाळ एक अपवादात्मक सोय मानली गेली. जानेवारी २०१८ मध्ये एमपीई हे प्रमाण स्वीकारले गेले, तेव्हा याच तत्त्वावर प्रत्येक स्वरास स्वतंत्र चॅनेल देण्यात आले आणि नव्या प्रकारच्या कीबोर्डवरही एकेक स्वर वेगळा वाकवणे शक्य झाले. २०२० च्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची तरतूद मूळ रचनेतच आहे. जे प्रमाण केवळ कीबोर्डच्या दृष्टीतून साकारले होते, त्याला साडेतीन दशकांनंतर तारेची गरज स्वतःच्या व्याकरणात सामावून घ्यावी लागली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात वापरणारा केवळ ग्राहक नसतो. त्याची अडचण हीदेखील पुढील रचनेची सामग्री असते. बेस वादकाच्या वाट्याला आलेले ते २४ मिलिसेकंद याचीच साक्ष देतात.