हवेच्या जोरावर उचलतो मालमोटारीचा भार
टायर बदलण्याच्या 'एअर जॅक'ची ओळख. सोय मोठी, पण बेफिकिरी जिवावर बेतणारी

सोलापूर - पुणे-हैदराबाद (क्र. ६५), धुळे-विजयपूर (क्र. ५२) आणि रत्नागिरीकडून मंगळवेढामार्गे येणारा (क्र. १६६) हे राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात एकत्र येतात. त्यात जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने. गाळप हंगाम सुरू झाला की मालमोटारींच्या जोडीला उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते. अशा वाहनाचे चाक भर रस्त्यात बसले, की भरलेला माल उतरवणे शक्य नसते. आहे त्या भारासकट आस उचलावा लागतो. पंक्चरच्या दुकानात वर्षानुवर्षे हे काम हाताने दांडा मारून चालवायच्या बाटलीच्या आकाराच्या जॅकवर होत आले. अलीकडे अनेक दुकानांत त्याची जागा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या जॅकने घेतली आहे.

'एअर जॅक' हे एकच नाव असले, तरी त्याखाली किमान तीन निरनिराळी साधने येतात. त्यांतील फरक ठाऊक नसला तर घोटाळा होतो.

पहिला प्रकार रबरी फुग्यांचा. पोलादी तबकड्यांच्या मध्ये एकावर एक असे दोन किंवा तीन जाड रबरी फुगे बसवलेले असतात. झडप उघडली की हवा आत शिरते आणि काही सेकंदांत मोटार वर येते. यामागचे तत्त्व साधे आहे. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल. फुग्याचा व्यास २५ सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर भरते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६ किलो दाब दिल्यास हिशेबाने २,९०० किलोंहून अधिक भार उचलला जातो. दुकानदाराच्या भाषेत हा दाब साधारण ८५ पौंडांचा. मोटारी आणि जीपसाठी तो पुरेसा आहे.

मालमोटारीचे गणित मात्र वेगळे. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये आसावरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला पूर्वी १०.२ टनांची मुभा होती, ती ११.५ टन झाली आणि दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांपर्यंत गेले. मागील आसाची एक बाजू उचलायची म्हटले, तरी पावणेसहा टनांच्या आसपास भार जॅकवर येतो आणि तोही वाहन कायद्याच्या मर्यादेत भरलेले असेल तर! तीन टनांचा फुग्याचा जॅक भरलेल्या टेम्पो वा ट्रकखाली सरकवणे, हा त्यामुळे निव्वळ अविचार ठरतो.

येथे दुसरा प्रकार उपयोगी पडतो. त्यात भार उचलण्याचे काम तेलच करते. हवा केवळ तेलाचा पंप चालवते. मोठ्या क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर हवा दाब देते आणि त्याला जोडलेला बारीक दट्ट्या तेल ढकलतो. क्षेत्रफळांचे प्रमाण समजा ७० पट असेल, तर हवेचा ८ किलोंचा दाब तेलात ५६० किलो होतो. सात सेंटिमीटर व्यासाच्या खांबाखाली तो दिल्यास २१ टनांहून अधिक भार उचलण्याची ताकद मिळते. सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी मांडलेल्या नियमाचाच हा वापर. पंप चालू असताना होणारा खडखडाट हा त्या दट्ट्याच्या वेगवान येरझाऱ्यांचा आवाज होय.

मालमोटारीच्या टायरलाच ११० ते १२० पौंड, म्हणजे जवळपास ८ किलो हवा लागते. त्यामुळे ट्रकचे पंक्चर काढणाऱ्या दुकानाकडे जॅकला पुरेल असा कॉम्प्रेसर आधीपासूनच असतो. नळी जोडली की काम सुरू. एअर ब्रेक असलेल्या वाहनाच्या स्वतःच्या टाकीतही साधारण एवढाच दाब असतो. जोडणीची सोय असल्यास त्या हवेवरही जॅक चालवता येतो.

तिसरा प्रकार मोटारीच्या धुरावर फुगणाऱ्या मोठ्या पिशवीचा. ती सायलेन्सरच्या नळीला जोडतात. दाब अवघा पाऊण किलोच्या आत. पण पिशवीचा व्यास ६५ सेंटिमीटर धरला, तरी सुमारे दोन टन भार उचलला जातो. रुंद तळ हा तिचा खरा गुण. सोलापूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात साधा जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो, हा अनुभव येथील वाहनचालकांना नवा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर मऊ पडलेल्या डांबरातही तेच घडते. अशा जागी पिशवीचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. इतर जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवणे हा त्यावरचा जुना आणि आजही चोख उपाय आहे. पिशवी वापरताना इंजिन चालू राहते. त्यामुळे गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेली हवी आणि बंदिस्त गॅरेजमध्ये हा प्रयोग मुळीच करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड विषारी असतो.

हवेच्या पिशव्यांचा उपयोग टायरपुरता नाही. कोसळलेल्या इमारतीचे स्लॅब उचलण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकांकडे अशा पिशव्या असतात. राज्यासाठीची त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. मुंबई विमानतळावर १ जुलै २०१९ च्या रात्री धावपट्टीबाहेर गेलेले प्रवासी विमान हलवण्यासाठी एअर इंडियाकडील खास संच वापरावा लागला होता. अशा संचांतही विमानाचे अंग न चेपता उचलणाऱ्या पिशव्या असतात. ल मान्ससारख्या शर्यतींतील मोटारींना तर जॅक कायमचे बसवलेले असतात. बाहेरून हवेची नळी खुपसली की गाडी चारही चाकांवरून वर उचलली जाते.

धोका नेमका कोठे?

हवा दाबली की आकसते, तेल जवळजवळ आकसत नाही. या एका फरकात फुग्याच्या जॅकचे गुणदोष सामावले आहेत. भार किंचित सरकला, तरी फुगा डुलतो. शिवाय दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते. फुगा फाटला तर ती एका झटक्यात बाहेर पडते. तेलाच्या जॅकमध्ये सील खराब झाल्यास गाडी हळूहळू खाली बसते आणि ते चटकन लक्षातही येत नाही. म्हणून जॅक कोणताही असो, तो उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी वर आल्याबरोबर आसाखाली लोखंडी स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावायचे आणि भार त्यांच्यावर सोडायचा. नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. पाना निसटला म्हणून आत हात घालणारा, गाडीखाली सरकणारा बहुधा क्लीनर किंवा दुकानातील पोरगा असतो आणि किंमत त्याला मोजावी लागते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. गाडी सपाट जागी घेऊन उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. वर उचलल्यावर चाक फिरते. काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, हे माहीत नसल्याने जोर लावून बोल्ट तोडल्याचे प्रकार घडतात. जॅक उत्पादकाने दाखवलेल्या जागीच लावावा, झडप हळूहळू उघडावी आणि त्या वेळी गाडीत कोणी बसलेले नसावे. नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. हवेच्या गनने आवळलेले नट शेवटी हाताच्या पान्याने पाहावेत आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत.

कॉम्प्रेसरऐवजी वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरवर जॅक चालवण्याचा मोह काहींना होतो. शुद्ध ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. तो प्रकार सर्वथा वर्ज्य.

देखभालीचा खर्च फारसा नाही, हवी ती नियमितता. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारे पाणी रोज सोडले नाही, तर ते हवेबरोबर जॅकच्या पंपात जाऊन गंज धरतो. पावसाळ्यात हे पाणी अधिक साठते. रबरी फुग्यांना ऊन आणि डिझेल दोन्ही बाधतात. वापरानंतर ते सावलीत ठेवावेत आणि घडीच्या जागी तडे दिसताच बदलावेत. अशा फुग्याला पंक्चरचे ठिगळ चालत नाही.

खासगी मोटारमालकाने हे साधन विकत घ्यावेच, असे नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना २०२० मधील नियमबदलानंतर स्टेपनीचीही सक्ती राहिलेली नाही. महामार्गावर चाक बसलेच, तर वाहन शक्य तितके डावीकडे घेऊन त्रिकोणी परावर्तक फलक मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. उजव्या बाजूचे चाक असेल, तर वाहतुकीकडे पाठ करून नट खोलत बसण्यापेक्षा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी.