सातबारा ते पार्शल: तुकड्यांच्या पानाची कुळकथा

अकोट तालुक्यातला शेतकरी पीककर्जासाठी बँकेत जो उतारा नेतो, तो दिसायला एक कागद, पण त्यात नमुने दोन असतात. गाव नमुना सात सांगतो की जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा कोणाचा. गाव नमुना बारा सांगतो की कोणत्या हंगामात काय पेरलं. महसूल खात्याच्या २१ गाव नमुन्यांपैकी हे दोन जोडले की सातबारा होतो.

गावाचं नाव, तालुका आणि गट नंबर दोन्ही नमुन्यांना लागतात. बाकीची माहिती ज्याची त्याची. सातमधला बदल फेरफार नोंदीतून येतो, तो मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. बाराची माहिती पीक पाहणीतून येते आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ती ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून भरू लागला.

अकोट ज्या वऱ्हाडात येतं, ते १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, म्हणून इथला महसूल कायदाही तिकडचाच होता. महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ ला लागू झाली आणि तिच्याखाली १९७१ मध्ये अधिकार अभिलेखांचे नियम आले. हे अभिलेख संगणकावर नेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात निवडला गेला तो विदर्भातलाच वर्धा.

असा उतारा वेबपानावर मांडायचा तर प्रोग्रामर प्रत्येक नमुन्याचा वेगळा तुकडा लिहितो. त्यालाच पार्शल व्ह्यू म्हणतात.

पार्शलची सुरुवात साधी होती. पीएचपीत एक फाइल दुसरीत ‘इन्क्लूड’ केली की त्या ओळीपर्यंतची सगळी व्हेरिएबल्स तिला आपोआप दिसतात. काम पटकन होतं, पण तुकडा नेमका कशावर उभा आहे हे फाइल वाचून कळत नाही. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स हे वेब फ्रेमवर्क आणलं, त्यात पार्शलच्या फाइलचं नाव अंडरस्कोरने सुरू करायची रीत पडली आणि ‘लोकल्स’मधून माहिती मोजून देता येऊ लागली. यादी दिली तर तोच तुकडा प्रत्येक नगासाठी पुन्हा उमटतो. कपाशीत तूर घेणाऱ्या वऱ्हाडाच्या नमुना बाराला हे फार सोयीचं: एक ओळ कपाशीची, एक तुरीची, आणि वरूडच्या बागेत संत्र्याची. ओळीचा साचा मात्र एकदाच लिहायचा.

मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट एमव्हीसी २००९ मध्ये आलं. त्यात पार्शलला मूळ पानाच्या ‘व्ह्यूडेटा’ची, म्हणजे पानाला दिलेल्या नोंदींची, प्रत मिळते. तुकड्याने त्यात नवी नोंद केली तरी मूळ पानाला ती दिसत नाही, आणि हे चांगलंच आहे. अडचण दुसरीकडे होती. समजा पीक पाहणी झालीच नाही, म्हणून पिकांच्या यादीच्या जागी ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं दिलं. जुन्या आवृत्त्या अशा वेळी मूळ पानाचं मॉडेलच पार्शलच्या हाती देत. पिकांची वाट पाहणाऱ्या तुकड्यापुढे अख्खा उतारा यायचा आणि पान प्रकाराच्या चुकीने कोसळायचं. दोष तुकड्यात शोधत बसावं लागे, खरा दोष मात्र न सांगता आलेल्या माहितीत असे. उपाय एवढाच की ‘नल’ऐवजी रिकामी यादी द्यावी.

तुकड्याला काय द्यायचं ते स्पष्ट सांगावं, हा धडा इतरांनीही घेतला. पायथनमधल्या जँगो या फ्रेमवर्कने २०११ च्या १.३ आवृत्तीत ‘इन्क्लूड’ला ‘ओन्ली’ हा शब्द जोडला. तो लिहिला की दिलेल्या माहितीपलीकडचं तुकड्याला काही दिसत नाही. रेल्सने ऑक्टोबर २०२३ च्या ७.१ मध्ये पार्शलच्या माथ्यावरच हव्या असलेल्या लोकल्सची यादी लिहिण्याची सोय दिली. यादीबाहेरचं काही आलं, किंवा लागणारं राहून गेलं, तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत पहिला वेब प्रकल्प लिहिणाऱ्या मुलामुलींनी ही सवय पहिल्याच पार्शलपासून लावून घ्यावी. तुकड्याला काय हवं ते त्याच्या माथ्यावर लिहावं, तेवढंच द्यावं, आणि द्यायला काही नसेल तर रिकामी यादी द्यावी.