झाकली बाटली सव्वा लाखाची?

नाशिककडे फिरायला गेलेली मंडळी हल्ली परत येताना बेदाण्यांच्या पुड्याबरोबर वाईनची एखादी बाटलीही घेऊन येतात. दुकानाच्या फळीवर दहा-वीस तऱ्हेच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक काही शेकड्यांत मिळते, दुसरीला काही हजार मोजावे लागतात. दोन्ही द्राक्षाच्याच रसाच्या. चाखून बघायची सोय बहुधा नसते. मग आपण काय करतो? किंमत बघतो. महाग आहे म्हणजे चांगली असणार, आणि स्वस्त आहे म्हणजे कुठंतरी उणी असणार, असं धरून चालतो.

साडी, पेन, शिकवणीचा वर्ग, सगळीकडे आपण हेच करतो. पण किमतीवरून चव खरंच कळते का? वाईनच्या बाबतीत हा प्रश्न अनेकदा तपासला गेला आहे, आणि तो कसा तपासला गेला याचा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना फार उपयोगी आहे. कुणी वाईन प्यावी असा आमचा आग्रह नाही. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपला प्रश्न मोजमापाचा आहे. चवीसारखी गोष्ट मोजायची तरी कशी?

न चाखता केलेली यादी

१८५५ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिसरा नेपोलियन तेव्हा फ्रान्सचा सम्राट होता. बोर्दो भागातल्या उत्तम वाईन प्रदर्शनात मांडायच्या होत्या, म्हणून तिथल्या व्यापारी मंडळानं दलालांच्या संघाकडे प्रतवार यादी मागितली. दलालांनी ती दोन आठवड्यांच्या आत हातात ठेवली. लाल वाईनचे पाच वर्ग केलेले होते, आणि पहिल्या वर्गात फक्त चार मळे होते : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (यातल्या लातूरचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही!)

एवढ्या थोड्या दिवसांत इतक्या वाईन चाखल्या कशा? त्यांनी चाखल्याच नाहीत. कोणत्या मळ्याची वाईन वर्षानुवर्षं काय भावानं विकली जाते याच्या नोंदी दलालांकडे होत्या. त्या भावांवरून त्यांनी वर्ग पाडले. दलालांच्या दृष्टीनं यात काही चुकीचं नव्हतं, कारण गिऱ्हाईक जास्त पैसे देतं ते चांगल्या मालालाच. पण पुढं झालं असं की, यादीत नाव आहे म्हणून भाव चढा राहू लागला. किमतीवरून यादी आणि यादीवरून किंमत, असं चक्र फिरू लागलं. या वर्गवारीत आजवर फारच थोडे बदल झाले आहेत. त्यातला मोठा बदल १९७३ चा. त्या वर्षी मूताँ रोथशिल्ड हा मळा दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात गेला.

स्वस्त वाईन नासायची

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्या काळी स्वस्त वाईनवर अविश्वास दाखवायला चांगलं कारण होतं. द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतात. पण त्याच रसावर इतर सूक्ष्मजीवही ताव मारतात. मग वाईन आंबट होते, कडवट होते, कधी तेलासारखी बुळबुळीत होते. निगा राखायला माणसं आणि थंड तळघरं असलेले मोठे मळे यातून बरेचसे वाचत. मजुरांच्या जेवणात असणारी साधी वाईन मात्र पिंपातच नासायची.

१८६३ मध्ये सम्राटानं हा प्रश्न लुई पाश्चर यांच्यापुढं ठेवला. पाश्चर यांचं बालपण आर्ब्वा या द्राक्षांच्या गावात गेलं होतं. तिथंच त्यांनी कामचलाऊ प्रयोगशाळा थाटली. नासलेल्या वाईनचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसलं की, वेगवेगळ्या बिघाडांमागं वेगवेगळे सूक्ष्मजीव आहेत. वाईन हवाबंद ठेवून ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ते मरतात आणि वाईन टिकते. १८६६ मध्ये त्यांनी हे काम पुस्तकरूपानं मांडलं. पुढं एका फ्रेंच युद्धनौकेवर ५०० लिटर वाईन चढवली गेली. त्यातली निम्मी तापवलेली होती, निम्मी तशीच. दहा महिन्यांनी जहाज परतलं तेव्हा तापवलेली वाईन उत्तम होती, आणि न तापवलेली आंबटपणाकडे झुकू लागली होती. एकच वाईन, एकच प्रवास, फरक फक्त एका गोष्टीचा. तुलनेचा प्रयोग कसा करावा याचा हा नमुनाच आहे.

वाईनसाठी पुढं तापवण्यापेक्षा दुसरे उपाय जास्त रुळले. काटेकोर स्वच्छता, सल्फर डायऑक्साइडचा मोजका वापर, बारीक गाळणं, आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत थंड तापमानाला आंबवणं. या सगळ्यामुळं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधी वाईनही सहसा न नासता गिऱ्हाइकापर्यंत पोचू लागली. म्हणजे स्वस्त वाईनला नावं ठेवायचं मोठं कारण उरलं नाही. मनातली समजूत मात्र तशीच राहिली.

पॅरिसमधली ती दुपार

या समजुतीला मोठा धक्का बसला तो २४ मे १९७६ रोजी. स्टीव्हन स्परिअर हा इंग्रज गृहस्थ पॅरिसमध्ये वाईनचं दुकान चालवत असे. त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलॅगर हिच्या सोबतीनं त्यानं एक कार्यक्रम ठरवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी २०० वर्षं होत होती, म्हणून कॅलिफोर्नियाच्या वाईन फ्रेंच जाणकारांना चाखायला द्यायच्या. सोबत फ्रान्सच्या नामवंत वाईनही ठेवायच्या. आणि सगळ्या बाटल्यांची नावं झाकायची.

परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच आणि आपापल्या क्षेत्रातले मातबर. पांढऱ्या वाईन दहा : सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या. लाल वाईनही तशाच दहा. प्रत्येकीला २० पैकी गुण द्यायचे. फ्रान्सच जिंकणार हे इतकं गृहीत होतं की, वार्ताहर एकच आला, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या हातात वाईनच्या क्रमाची यादी होती. त्यामुळं त्याला एक गंमत दिसली. एका परीक्षकानं एक पांढरी वाईन चाखून ‘आता आपण फ्रान्सला परत आलो’ अशा अर्थाचे उद्गार काढले. पेल्यात होती कॅलिफोर्नियाची वाईन!

पांढऱ्या वाईनमध्ये शातो माँतेलेना ही कॅलिफोर्नियाची १९७३ सालची वाईन पहिली आली. हा निकाल लाल वाईन चाखण्याआधीच वाचून दाखवला गेला. प्रयोग म्हणून ही चूकच, कारण आता परीक्षक सावध झाले होते. तरीही लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप पहिली ठरली. तिच्या द्राक्षवेली तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. दुसरा क्रमांक मूताँ रोथशिल्डचा, म्हणजे तीनच वर्षांपूर्वी पहिल्या वर्गात चढलेल्या मळ्याचा. जिंकलेल्या दोन्ही बाटल्या अमेरिकेत सुमारे सहा डॉलरला मिळत होत्या. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली, पण ती काही त्यांना मिळाली नाही.

या निकालातून किती निष्कर्ष काढायचा, हेही बघायला हवं. पहिल्या दोन लाल वाईनच्या एकूण गुणांत फरक होता दीड गुणाचा. नऊ माणसांच्या एका दुपारच्या मतावरून ‘ही वाईन त्या वाईनहून श्रेष्ठ’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एक गोष्ट पक्की झाली. नाव झाकलं की जाणकारांनाही नामवंत वाईन वेगळी काढता आली नाही. टीकाकार म्हणाले, अमेरिकन वाईन मुरल्यावर टिकणार नाहीत. २००६ मध्ये त्याच लाल वाईन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले.

चांगली वाईन ठराविक चार मळ्यांतच होते हा समज गेल्यावर अनेक देशांत लोक नव्या जोमानं मळे लावू लागले. आपल्याकडे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला १९८० च्या दशकातच वाईन तयार होऊ लागली होती. नाशिकजवळ सुला कंपनीनं २००० साली पहिली वाईन काढली, आणि त्यात केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या वाईनतज्ज्ञाचा हात होता.

परीक्षकांचीच परीक्षा

पुढं शास्त्रज्ञांनी वाईनऐवजी चाखणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. २००१ मध्ये बोर्दोमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना आधी पांढरी आणि लाल अशा दोन वाईन देऊन वासाचं वर्णन करायला सांगितलं होतं. नंतर पुन्हा दोन पेले दिले. यावेळी दोन्हीत तीच पांढरी वाईन होती. फक्त एकीत वास नसलेला लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनला वापरतात त्याच शब्दांत केलं. नाकाआधी डोळ्यांनी निकाल दिला होता.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात वीस जणांना वाईन पाजताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. पाच डॉलरची एक वाईन त्यांना दोनदा मिळाली, एकदा ‘पाच डॉलरची’ म्हणून आणि एकदा ‘पंचेचाळीस डॉलरची’ म्हणून. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली. एवढंच नव्हे, तर मेंदूचा जो भाग सुखद अनुभवाशी जोडलेला आहे, तोही जास्त उत्तेजित झाला. म्हणजे ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना ती खरोखरच जास्त छान लागत होती! काही आठवड्यांनी किंमत न सांगता चाखायला दिल्यावर हा फरक नाहीसा झाला.

त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकून केलेल्या चाखण्यांचा एक अभ्यास आला. सामान्य माणसांना महाग वाईन जास्त आवडत नव्हती, उलट किंचित कमीच आवडत होती. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र किमतीचा आणि आवडीचा थोडा मेळ दिसला. तेव्हा जाणकारी ही सगळी थापच आहे असंही म्हणता येणार नाही.

मग पैसे कशाचे?

थोडे पैसे खरोखरच खर्चाचे असतात. वेलीवर कमी घड ठेवले की रस दाट होतो, पण उत्पन्न घटतं. ओकच्या नव्या २२५ लिटरच्या पिंपाची किंमत सुमारे ३०० बाटल्यांवर चढते. वर्षानुवर्षं मुरवायचं म्हणजे पैसा अडकून राहतो. पण एका मर्यादेनंतर हा खर्च संपतो. त्यापुढचे पैसे नावाचे आणि दुर्मिळपणाचे. म्हणून स्वस्तात बरी वाईन हवी असेल, तर फारसं नाव न झालेल्या प्रदेशाची घ्यावी. पांढरी असेल तर अलीकडच्या सालाची पाहावी, कारण साध्या वाईन ताज्याच चांगल्या, त्या साठवण्यासाठी नसतात. दुकानात उन्हात उभी असलेली बाटली टाळावी. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नये.

लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात. पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची! आपल्याकडच्या ३५ अंशांत अल्कोहोलचा वास नाकात भरतो, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. उघडलेली बाटली झाकण लावून थंडच ठेवावी, नाहीतर हवेतला ऑक्सिजन आणि जीवाणू मिळून तिचा व्हिनेगर करतात.

आणि किंमत खरंच जाणवते का, हे घरीच तपासता येतं. तीन पेले घ्यावेत, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. भरणारा वेगळा, चाखणारा वेगळा. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता १/३ असते. सलग तीनदा बरोबर येण्याची १/२७.

हा प्रयोग वर्गात लिंबाच्या सरबतावर करता येईल. एकाच सरबताचे तीन पेले करावेत, एक तसाच, एकात वास नसलेला खाण्याचा लाल रंग, एकात हिरवा. मुलांना स्वाद ओळखायला सांगावा. मग डोळे बांधून पुन्हा. मुलं उत्तरं बदलतात की नाही ते वहीत नोंदवून घ्यावं.

शेवटी आपली गोष्ट

एक अभ्यास आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. रॉबर्ट हॉजसन हे समुद्रशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक स्वतः वाईन तयार करत. एका स्पर्धेत त्यांच्या वाईनला पदक मिळे, दुसरीत तीच नापास होई. ते चक्रावले. २००५ पासून चार वर्षं कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या स्पर्धेत त्यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन इतर वाईनच्या मध्ये मिसळून तीनदा दिली. तिन्ही वेळा जवळपास तेच गुण देणारे परीक्षक निघाले दहातला एक.

हे वाचून आम्ही हसलो. मग आमच्यापैकी दोघांनी आपणच तपासलेल्या निबंधांच्या झेरॉक्स प्रती, गुण आणि नावं झाकून, महिन्याभरानं पुन्हा तपासल्या. बऱ्याच गुणांत फरक पडला. ज्या मुलाला आम्ही हुशार समजत होतो त्याचे कमी झाले, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीचे वाढले. तिच्या पहिल्या गुणांवर आमची सही होती. यंदा आम्ही मुलांना नाव उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर लिहायला सांगितलं आहे.