गळ्यातली डबी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. वही म्हणजे लक्ष्मी, हा त्यामागचा भाव. परंतु ज्याची वही त्याची लक्ष्मी. ज्याचे वहीत केवळ नाव असते, त्याला ती काय वाटत असेल? या प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेच्या इतिहासात सापडते.

केनियात इंग्रजांनी १९१५ साली नोंदणीचा एक कायदा केला व पहिले महायुद्ध संपल्यावर तो अमलात आणला. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' नावाचा कागद बाळगणे भाग पडले. माणसाचे नाव, जमात, बोटांचे ठसे, तो कोणाकडे राबला, मजुरी किती, अशी सारी हकीकत त्यात असे. हा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. धन्याने सही करून मोकळे केल्याखेरीज मजुराला दुसरीकडे काम मिळणे कठीण. आणि मळा सोडून तो पळाला, तर नोंदीवरून त्याला हुडकणे सोपे! शेळीच्या गळ्यात घंटा असते तशी ही डबी, असे तिथली माणसे म्हणत. हॅरी थुकू या तरुणाने तिच्याविरुद्ध लोक उठवले. मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच्या सुटकेसाठी नैरोबीत जमलेल्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. आता वही आपल्याच माणसांच्या हाती आली. पण तेवढ्याने भय सरते काय?

२०१९ साली केनियाच्या सरकारने प्रत्येक नागरिकाला एकच क्रमांक देण्यासाठी 'हुदुमा नंबा' ही मोहीम काढली. हुदुमा म्हणजे सेवा. हेतू चांगला होता. परंतु इंग्रजांनी सुदानातून सैनिक म्हणून आणलेल्या नुबियन लोकांचे वंशज मात्र धास्तावले. ओळखपत्रासाठी पिढ्यान्पिढ्या खेटे घातलेली ही माणसे. नोंदीतून वगळले गेलो तर आपण उरणार कोठे, हा त्यांचा सवाल होता. ते न्यायालयात गेले. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, की आधी माहितीच्या रक्षणाचे पुरेसे नियम करा, मग नोंदणी पुढे न्या.

हा प्रश्न एका केनियाचा नव्हता. २००७ मध्ये त्याच देशात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची 'एम-पेसा' ही सोय सुरू झाली आणि बँकेची पायरी न चढलेला माणूसही घरी पैसे धाडू लागला. सोय खरीच; पण प्रत्येक व्यवहाराची नोंद कोठेतरी राहू लागली. ती कोणाची?

आफ्रिकी संघाने या प्रश्नाला हात घातला. २७ जून २०१४ रोजी विषुववृत्तीय गिनीतील मालाबो येथे संगणक-सुरक्षा व वैयक्तिक माहितीचे रक्षण यांविषयीचा करार मंजूर झाला. पंधरा देशांनी त्याला रीतसर मान्यता दिली, की तो लागू व्हायचा. पंचावन्न देशांच्या संघात हे पंधरा जमवायला नऊ वर्षे लागली! ८ जून २०२३ रोजी करार अमलात आला. दरम्यान २०२० ते २०३० या दशकासाठी डिजिटल परिवर्तनाचे धोरण ठरले, आणि २०२२ मध्ये माहितीविषयीचा धोरण-आराखडाही संमत झाला. आफ्रिकेतील माणसांच्या माहितीचा लाभ आफ्रिकेतील माणसांना मिळावा, आणि ती विश्वासाने एका देशातून दुसऱ्या देशात जावी, हे त्याचे सार.

कागदावरचे कलम म्हणजे न्याय नव्हे, हे खरे. करार झाला तरी तो पाळणारी कचेरी हवी, आणि तिला जाब विचारणारा नागरिकही हवा. पण किपांडेच्या काळी डबी गळ्यात घालणाऱ्याला विचारण्याची सोयच नव्हती, आज त्याचा नातू न्यायाधीशासमोर उभा राहून विचारू शकतो, "माझ्याविषयी काय लिहिले आहे, आणि कशासाठी?" एका शतकात एवढे अंतर कापले गेले, हे थोडके नाही.

यंदा वहीला कुंकू लावताना, तिच्यात ज्यांची नावे आहेत त्यांचीही क्षणभर आठवण करू या.