दप्तर आणि वाडा : स्थानिक इतिहासाच्या स्वयंसेवी जतनाविषयी काही विचार

प्रास्ताविक

मराठी मुलुखातील स्थानिक इतिहासाच्या साधनांचे जतन मुख्यत्वे शासनाने वा विद्यापीठांनी केले, असे म्हणता येत नाही. विद्यापीठांतून मराठ्यांच्या इतिहासाचे पद्धतशीर अध्यापन सुरू होण्यापूर्वीच हे काम शाळामास्तर, वकील, कारकून आणि छोटे व्यापारी अशा मंडळींनी पदरमोड करून हाती घेतले होते. त्यांना त्यासाठी वेतन नव्हते व बहुतेकांना अधिकारपदही नव्हते. आज गडकोटांवर श्रमदान करणारे तरुण आणि जुन्या वाड्यांची छायाचित्रे टिपत हिंडणारे हौशी अभ्यासक हे एका अर्थाने त्याच परंपरेचे वारस होत. तथापि या परंपरेत प्रारंभापासून एक असमतोल राहिला आहे. आपण कागद वाचवले. परंतु ते कागद ज्या माळ्यावर, ज्या फडताळात सापडले, ती वास्तू वाचवली नाही. एवढेच नव्हे, तर ती वास्तूदेखील इतिहासाचे साधन आहे, याची नोंद घेण्याचीही तसदी फारशी घेतली गेली नाही. या असमतोलाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दप्तरांचा शोध

इ. स. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले आणि बखरी व जुने कागद छापून प्रसिद्ध होऊ लागले. पुढे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रव्यवहार ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने १८९७ पासून प्रकाशात आणला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. या मालेचे एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले.

या मंडळींसमोरील अडचणी आज सहजासहजी ध्यानात येत नाहीत. पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि सामान्य अभ्यासकांना ते दीर्घकाळ जवळजवळ बंदच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले, ते १९३० नंतर. तोपर्यंत खाजगी दप्तरांवाचून मार्ग नव्हता आणि खाजगी दप्तरांचे मालक बिचकत होते. इनाम कमिशनच्या चौकशीत कागद दाखवताना अनेक घराण्यांनी आपली वतने व इनामे गमावली होती, किंवा गमावण्याची धास्ती तरी घेतली होती. त्यामुळे ‘जुने कागद पाहायचे आहेत’ असे म्हणत दारी आलेल्या अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. दुसरीकडे तेच कागद वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत, वाण्याच्या दुकानी रद्दीत जात किंवा ‘पूर्वजांचे आहेत, जाळू नयेत’ या भावनेने नदीत सोडले जात. राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले ते या परिस्थितीत.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली आणि या एकाकी खटपटीला संस्थेचे रूप आले. मंडळाची इतिवृत्ते चाळली असता एक गोष्ट विशेष जाणवते. सभांत वाचलेली टिपणे पुष्कळदा अगदी लहान विषयांवरची आहेत : एखादा शिलालेख, एखादा महजर, एखाद्या गावची शकावली. लहान गोष्ट नीट नोंदवावी, ती कोठे मिळाली हे सांगावे आणि मग दुसऱ्याने ती तपासावी, ही शिस्त त्यातून रुजली. राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले व धुळ्यास राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर लगेच १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवण्यात आयुष्य वेचले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी, विद्यापीठाचा आधार नसताना असे काम उभे राहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

वाडा हेही दप्तर

दप्तरांविषयीची ही दक्षता वास्तूंच्या वाट्याला आली नाही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत नष्ट झाला, तेव्हा जतनाचा विचारही जन्माला आलेला नव्हता. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचा दर्शनी भागही आगीत सापडला. पैकी विश्रामबागवाड्याचा भाग पुन्हा बांधला गेला आणि त्यासाठी नागरिकांनीही हातभार लावला. लोकांच्या पैशाने ऐतिहासिक वास्तू सावरली गेल्याचे हे एक जुने उदाहरण म्हणून नमूद करण्यासारखे आहे. मात्र त्याची परंपरा झाली नाही.

वाडा वाचायचा कसा, हे आपल्या इतिहासशिक्षणात कोठेही शिकवले जात नाही. वास्तविक दगडी जोते, त्यावरील सागवानी खांबांचा सांगाडा, भाजक्या विटांची भिंत, चौक, सोपा, माजघर, देवघर, माळा या रचनेत घराण्याची चढउतार लिहिलेली असते. जुन्या व्यवहारात घर मोजण्याचे माप ‘खण’ हे होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. वाटणीपत्रांतून भावाभावांनी सोपा, माजघर, परस यांची विभागणी खणांच्या हिशेबानेच केलेली आढळते. असे वाटणीपत्र हाती असेल आणि वाडाही उभा असेल, तर मागाहून घातलेली आडभिंत, बुजवलेले दार, नव्याने काढलेला जिना यांवरून ती वाटणी प्रत्यक्ष कशी झाली, हे डोळ्यांनी पाहता येते. घरातील विधवा स्त्रीला चुलीपुरती जागा कोठे दिली गेली, ती उजेडाची होती की अंधारी, हे कागद सांगत नाही. भिंतीवरचा धुराचा थर सांगतो. वाडा पडला की तोच कागद निम्मा मुका होतो.

या दृष्टीने दिनकर गंगाधर केळकर यांच्या कार्याकडे पाहिले पाहिजे. पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी यांच्या बरोबरीने त्यांनी पडणाऱ्या वाड्यांचे कोरीव दरवाजे, खिडक्या व खांबही आणले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभारला. २० हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी पुढे राज्य शासनाच्या स्वाधीन केला. केळकर नसते तर यातील बहुतेक लाकूड बंबात गेले असते, याविषयी शंका नाही. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारावाच लागतो. एखादा दरवाजा त्याच्या चौकटीतून आणि वाडा त्याच्या आळीतून निघाला, की तो कलावस्तू म्हणून उरतो; साधन म्हणून त्याचे मोल घटते. केळकरांना हे कळत नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे असलेला पर्याय वाडा वाचवण्याचा नव्हता. दरवाजा वाचवायचा की तोही जाऊ द्यायचा, एवढाच होता.

वाडे का पडतात याची मीमांसा करताना मालकांच्या अनास्थेला दोष देण्याची प्रथा आहे. ती मला एकांगी वाटते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुसंख्य जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाईत भाडेकरूंना त्याची गरज होती. परंतु पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मालकाच्या हाती येणारे भाडे वर्षाच्या कौलांनाही पुरेनासे झाले. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा वारसांची संख्या वाढलेली होती आणि खालच्या जागेचे मोल वरच्या वाड्यापेक्षा कैक पटींनी अधिक झाले होते. १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील वाडे पाडले हे खरे. पण पुराने न पाडलेले त्याहून अधिक वाडे या हिशेबाने पाडले. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, तो देशातील अशा प्रकारचा अगदी आरंभीचा प्रयत्न होता. मात्र यादीत नाव घालण्याने छप्पर गळायचे थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसह एका तालुक्याच्या गावी तीन चौकी वाड्याची मापे घेण्याचा योग आला. वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींनी सर्व दालने उघडून दाखवली. मुलांनी कौतुकाने कोरीव खांबांची छायाचित्रे घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, “खांबांचं राहू द्या बाळांनो. कौलं शेकारणारा माणूस कुठं मिळतो का, तेवढं बघा.” तो माणूस आम्हांला मिळाला नाही. चुन्याची घाणी चालवणारा, खणाच्या हिशेबाने लाकूड बसवणारा, कौले शेकारणारा कारागीर आज दुर्मीळ झाला आहे. त्याच्या ज्ञानाची नोंद हा स्थानिक इतिहासाचा भाग आहे, असे आपण आजवर मानलेले नाही.

गडावरील श्रमदान

वाड्यांच्या तुलनेत किल्ल्यांचे भाग्य थोर म्हणावे लागेल. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाची गोडी लावली आणि आज महाराष्ट्रातील अनेक गडांवर सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवकांचे गट झाडोरा काढताना, टाक्यांतील गाळ उपसताना, वाटा मोकळ्या करताना दिसतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे. या उत्साहाला आता अधिकच भरती येईल.

हा उत्साह आदरणीय आहे. परंतु त्यात धोका आहे आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. गडावरील टाक्यात साचलेला गाळ ही नुसती घाण नव्हे. त्यात खापरे, नाणी, लोखंडी वस्तू आणि बिया थराथराने साठलेल्या असतात. कोणता थर कोणत्या थराखाली होता, हेच पुरातत्त्वाचे मुख्य वाचन होय. फावड्याने उपसून कडेला टाकलेल्या गाळातून नाणे सापडले, तरी ते राजवाड्यांच्या भाषेत बोलायचे तर पत्ता व तारीख फाडून टाकलेले पत्र ठरते. तीच गोष्ट डागडुजीची. ढासळलेल्या तटाचे दरज सिमेंटने भरले की काम मजबूत झाले, असे वाटते. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती अडवते. मग भिंतीतली ओल व क्षार सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी दगड-विटांतून मार्ग काढतात आणि काही पावसाळ्यांनंतर सिमेंटचा दरज तसाच राहून भोवतालचा दगड झिजू लागतो. संरक्षित स्मारकांवर परवानगीवाचून असे काम करण्यास १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्याने मनाई आहे. तथापि असंख्य गढ्या, बारवा व लहान किल्ले कोणत्याच यादीत नाहीत. तेथे कायदा नाही आणि जाणकारही नाही. तेथे स्वयंसेवकाचा संयम हेच एकमेव संरक्षण उरते.

हा संयम अशक्य नाही, हे कोकणातील कातळशिल्पांच्या उदाहरणावरून दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील काही हौशी निसर्गप्रेमींनी जांभ्याच्या सड्यांवर वर्षानुवर्षे पायपीट केली, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारले, मिळालेल्या चित्रांची मापे घेतली, ठिकाणे नोंदवली आणि मग राज्य पुरातत्त्व विभाग व अभ्यासक यांच्यासमोर ती ठेवली. २०२२ मध्ये महाराष्ट्र व गोव्यातील निवडक स्थळे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, ती या पायपिटीमुळे. येथे प्रथम नोंद झाली, दुरुस्ती वा सुशोभन यांची घाई झाली नाही. पद्धत तीच, राजवाड्यांची : हिंडा, विचारा, जसे आहे तसे उतरून घ्या, कोठे मिळाले ते लिहा.

वाड्यांसाठी हे करण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. टेप, आलेखाचा कागद, साधा कॅमेरा आणि घरातील वृद्धांशी दोन तास बोलण्याची तयारी पुरते. प्रत्येक दालनाचे नाव घरात काय होते, बाळंतिणीची खोली कोणती, धान्याचे बळद कोठे, भाडेकरू कधी आले, कोणते दार केव्हा बुजवले, हे विचारून नकाशावरच लिहिले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या वाड्यात आम्ही दोन चौकांची मापे घेतली आणि तिसऱ्यासाठी दिवाळीनंतर जायचे ठरवले. त्या पावसाळ्याच्या अखेरीस मागची भिंत खचली व वारसांनी वाडा उतरवला. लाकूड कोणा व्यापाऱ्याने नेले. माळ्यावरचे चार रुमाल मात्र आजींनी निरोप पाठवून आमच्या ग्रंथालयात दिले. त्यांतील एका वाटणीपत्रात तिसऱ्या चौकातील सात खणांचा तपशील आहे. आमच्या नकाशात ती जागा कोरी आहे.