अटॅचमेंट सेव्ह न करता उघडणे

ईमेलसोबत आलेली फाइल संगणकात न उतरवता ब्राउझरमध्येच वाचणे किंवा छापणे. स्वतःच्या संगणकावर ही नुसती सोय असते. दुकानातल्या संगणकावर ती आवश्यक खबरदारी ठरते. खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्यासारख्या (जि. सातारा, लोणावळ्याजवळचे नव्हे) तालुक्याच्या गावी घरात प्रिंटर क्वचितच असतो. सातबारा हवा असलेला शेतकरी आणि शिरवळच्या कंपनीत अर्ज द्यायला निघालेला मुलगा, दोघेही झेरॉक्सच्या दुकानात मेल उघडतात. राज्यात 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागल्यावर असे कागद पीडीएफच्या रूपात हातोहात फिरू लागले. डाउनलोड केलेली प्रत दुकानात राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सहज उघडता येते. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नये, उतरवलेच तर प्रत कायमची पुसावी, असे आधार प्राधिकरणही सांगत आले आहे.

मेलला चित्रे व दस्तऐवज जोडण्याची आजची रीत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या ‘माइम’ या 1992 च्या प्रमाणकातून आली. फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे त्यामुळे मेलमध्येच नोंदलेले असते. ती पानात दाखवायची की उतरवायची, याचीही सूचना सर्व्हर ब्राउझरला देऊ शकतो. पीडीएफ दाखवण्याची सोय क्रोममध्ये 2010 साली आली, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी 2013 मध्ये. जीमेलमध्ये फाइलच्या चित्रावर टिचकी मारली की ती तिथेच उघडते; बाणाच्या खुणेने मात्र ती डाउनलोड होते. मेलमधल्या अशा दर्शनात वर्ड फाइलीतले मॅक्रो (फाइलीत दडलेल्या, अपायकारकही असू शकणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत, हा आणखी एक फायदा.

मराठी वाचकाला एक अडचण हमखास येते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली वर्ड फाइल ब्राउझरमध्ये उघडली, की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, तो फाँट तिथे नसतो. पाठवणाऱ्याने फाँट समाविष्ट करून पीडीएफ केली, तर मजकूर जसाच्या तसा दिसतो.

‘सेव्ह केले नाही’ म्हणजे काहीच उरले नाही, असे नव्हे. ब्राउझर पाहिलेल्या गोष्टींच्या तात्पुरत्या प्रती कॅशेमध्ये ठेवतो. इन्कॉग्निटो खिडकीतल्या अशा प्रती सर्व खिडक्या बंद केल्यावर जातात. डाउनलोड केलेली फाइल मात्र तिथूनही जात नाही. लॉग आउट न करता उठले, तर अख्खी मेलपेटीच उघडी राहते, आणि हा धोका एका फाइलीपेक्षा कितीतरी मोठा आहे. शिवाय 2011 च्या सायबर कॅफे नियमांनुसार, पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद चालकाला किमान वर्षभर जपावी लागते.

डिजिटल सही खरी आहे का, याची खात्री नुसत्या ब्राउझरमधल्या दर्शनाने होत नाही. त्यासाठी सातबाऱ्यावर छापलेला पडताळणी क्रमांक ‘महाभूमी’ या राज्याच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा.